दसऱ्याचं कुंकू, लातूरचं पाणी आणि एक पिवळं फडकं

वाचकांचे प्रश्न : गाडीची निगा

गेल्या अंकात घरच्या घरी गाडी धुण्याबद्दल प्रश्न मागवले होते. दसरा नुकताच झालेला, त्यामुळे निम्मी पत्रं कुंकवाचीच आली. मी ३१ वर्षं चिंचवडजवळच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो, त्यातली शेवटची १४ तपासनीस म्हणून. रंग मारणारा मी नव्हे, मारलेल्या रंगातली खोट काढणारा. तेव्हा उत्तरं कुठे खोचक वाटली तर तो सवयीचा दोष समजा.

प्रश्न : काका, माझी काळी गाडी जेमतेम दोन वर्षांची आहे. सोसायटीत एक जण रोज पहाटे सगळ्यांच्या गाड्या पुसतो, महिन्याला पाचशे रुपये घेतो. आता उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. गॅरेजवाले म्हणतात, रस्त्यावरच्या धुळीने होतं, मशीन मारून देतो. मारून घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

ताई, रस्त्यावरची धूळ गाडीवर येऊन नुसती बसते. तिला रंगावर घासतं ते फडकं.

एकदा पहाटे साडेपाचला चहा घेऊन खाली उतरा आणि बघत उभ्या राहा. मी आमच्या सोसायटीत उभा राहिलो होतो. एक बादली, एक पिवळं फडकं आणि अठरा गाड्या. पाचव्या गाडीला बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं, नवव्या गाडीला तळाशी बोटभर गाळ. तेच फडकं त्याच गाळात बुडवायचं, पिळायचं आणि पुढच्या बोनेटवर फिरवायचं. माझी गाडी चौदावी होती.

आता रंगाचं गणित सांगतो. कारखान्यात पत्र्यावर एकावर एक चार थर चढतात : गंज रोखणारा, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला आम्ही नुसतं ‘क्लिअर’ म्हणायचो. हे चारही थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, आणि त्यातलं क्लिअर ४० च्या आसपास. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक केसाहून पातळ पापुद्र्यात आहे. पुण्याच्या धुळीत काय असतं? बांधकामाची वाळू, सिमेंट, खडीचा चुरा. वाळूचा कण क्लिअरपेक्षा कितीतरी कडक. तो ओल्या फडक्यात अडकला की ते फडकं राहत नाही, पॉलिशपेपर होतो.

त्या रेघा गोल नसतातच, ही एक गंमत. त्या आडव्यातिडव्या, वाटेल तशा असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या तेवढ्याच चकाकतात, बाकीच्या दिसत नाहीत. बोनेटसमोर उभ्या राहून मान थोडी डावीकडे करा, जाळंही तुमच्याबरोबर डावीकडे सरकेल. म्हणजे रेघा सगळीकडे आहेत. पांढऱ्या गाडीलाही असतात, फक्त तिच्यावर डोळ्यांत भरत नाहीत.

मशीन मारलं, म्हणजे मशीनने पॉलिश केलं, की रेघा जातात, कारण रेघेच्या तळापर्यंतचं क्लिअरच खरवडून निघतं. एका हलक्या पॉलिशला दोन-तीन मायक्रॉन जातात, दणकून रबिंग केलं तर जास्त. गेलेलं क्लिअर परत येत नाही. म्हणून मशीन जरूर मारून घ्या, पण एकदाच, आणि आधी पहाटेची पद्धत बदलून. नाहीतर चार महिन्यांत जाळं परत हजर, आणि क्लिअर तेवढं पातळ.

गाडी पुसणाऱ्याला काढू नका हो. दोन तासांत अठरा गाड्या उरकायच्या तर दुसरं कोणीही हेच करेल. त्याला सांगा, रोज नको, आठवड्यातून दोनदा कर, पण आमच्या बादलीने आणि आमच्या फडक्यांनी. मधल्या दिवशी फक्त काचा. वर शंभर रुपये जास्त द्या. मी हे सुचवलं तेव्हा आमच्या पुसणाऱ्याला वाटलं, मी पगार कापायचा डाव टाकतोय. महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. आता दुसऱ्यांनाही तोच सांगतो, ‘साहेब, सुकं पुसायचं नाय.’

फडकी मायक्रोफायबरची घ्या, चार तरी. कडेचं लेबल कात्रीने कापून टाका, ते रंगाला बोचतं. धुताना सुती कपड्यांत मिसळू नका, कापसाचे तंतू धरतात. कपडे मऊ करणारं कंडिशनर तर अजिबात नको, त्याने फडकं पाणी शोषेनासं होतं. जमिनीवर पडलेलं फडकं चाकांसाठी ठेवा. ते पुन्हा रंगाला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी.

आणि हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून गाडीला हात लावा. आमच्या तपासणीच्या बोगद्यात दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट असायच्या. आत जाताना अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर.

प्रश्न : आम्ही लातूरकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते दिवस विसरलेलो नाही. नळी लावून गाडी धुवायची लाज वाटते. पण उन्हाळ्यात धुळीने गाडी ओळखू येत नाही. कमीत कमी किती पाण्यात भागेल? आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके कसे काढायचे?
– एक वाचक, लातूर

दादा, पंधरा लिटर. घड्याळ लावून सांगतो. आमच्या नळाला पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे कोणी दहा मिनिटं नळी सोडून गाडी धुतली तर १२० लिटर, आठ बादल्या. तुमच्याकडे मी एकच मागतोय.

बागेत औषध मारायचा दोन लिटरचा हातपंप असतो, तो आणा. त्यात पाणी आणि गाडीच्या शाम्पूचे चार-सहा थेंब. गाडी सावलीत, बोनेट गार. वरून खाली फवारा मारा आणि पाच मिनिटं हात लावू नका. नुसतं बघा. धूळ फुगते, सुटते आणि तपकिरी ओघळांनी आपोआप खाली येते. हीच पाच मिनिटं सगळ्यांना जड जातात. अर्धं काम त्यांतच होतं.

मग पाच लिटर शाम्पूचं पाणी एका बादलीत, पाच लिटर साधं दुसऱ्या बादलीत. टपापासून सुरुवात. एक भाग पुसला की फडकं आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचं, पिळायचं, मग शाम्पूत. म्हणजे घाण साध्या बादलीत राहते, शाम्पूत जात नाही. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. दारांचा खालचा भाग आणि चाकांच्या आजूबाजूचं शेवटी, वेगळ्या फडक्याने. उरलेल्या पाण्याचा परत फवारा आणि लगेच कोरडं पुसणं. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र हे चालणार नाही. चिखल आधी वाहत्या पाण्याने काढावाच लागतो, आणि चाकांवरचा चिखल हाताने सुटत नाही तोवर रंगाकडे वळू नका.

ठिपके म्हणजे क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, कापसाने ठिपक्यावर ठेवा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. उन्हात हे करू नका. आठ-दहा महिन्यांचे ठिपके क्लिअरमध्ये खड्डा करून बसलेले असतात, ते व्हिनेगरने जात नाहीत, पॉलिशच लागतं.

खरा उपाय शेवटच्या पाण्यात आहे. पुष्कळ घरांत आरओचं टाकाऊ पाणी गाडीसाठी साठवतात. पाणी वाया जात नाही म्हणून भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार बोअरपेक्षाही दाट झालेले असतात. ते चाकांना आणि पायपुसण्यांना वापरा. उलट एसीच्या नळीतून थेंब थेंब पडतं ते पाणी हवेतल्या वाफेचं असतं, जवळजवळ क्षारहीन. कुणाकडे एसी असेल तर त्याच्या नळीखाली कॅन लावा आणि शेवटचा फवारा त्या पाण्याचा मारा. ठिपका पडायचा नाही.

प्रश्न : भांडी घासायचं लिक्विड चालतं का?
– एक वाचक, अंबरनाथ

तेलकट कढई साफ करायला बनवलेलं आहे ते, आणि गाडीवरचं मेणही त्याला तेलकटच वाटतं. एकदा वापरलंत म्हणून रंग जाणार नाही, पण वरचं मेण उतरतं. कपड्यांची पावडर त्याहून वाईट, एकतर अल्कधर्मी, शिवाय न विरघळलेले दाणे घासतात. गाडीचा न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, शाम्पू घ्या, एका धुण्याला टोपणभर लागतो.

प्रश्न : दसऱ्याला पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर सासूबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेलात कालवून. दोन दिवसांनी धुतलं तर गुलाबी डाग तसाच. हळदीचाही पिवळा ठसा आहे. घरात कोणाला काही बोलता येत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

बोलू नकाच. सासूबाईंनी गाडीचं भलंच चिंतलं आहे.

हळदीची काळजी सोडा. धुवा आणि गाडी उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आपल्या आयांच्या साडीवरचे डाग असेच गच्चीवर जायचे. आठवडाभरात फिका पडेल.

कुंकवाचं तसं नाही. हळदीला चुन्याची निवळी देऊन करतात ते जुन्या पद्धतीचं कुंकू, आणि बाजारात पुडीत मिळतं त्यात बऱ्याचदा रासायनिक रंग. तो तेलात कालवला की तेल त्याला रंगात आत घेऊन जातं. आधी शाम्पूने दोनदा धुवा, तेल निघालं पाहिजे. मग औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घ्या, डागावर हलकेच टेकवा, दहा-पंधरा सेकंद, उचला. कापूस गुलाबी झालेला दिसेल. नवा कापूस घ्या, परत टेकवा. घासायचं नाही, टिपायचं. जखम टिपतो तसं. शेवटी उरलेल्या सावलीवर हातानेच थोडं बारीक पॉलिश. क्लिअर असलेल्या गाडीवर एवढ्याने बहुतेक डाग जातो.

थिनर वापरू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, तोंड पोळलेला माणूस सांगतोय. माझी जुनी पांढरी मारुती ८०० होती. दसऱ्यानंतर तिच्या डाव्या दारावर असाच डाग राहिला. घरात थिनरची बाटली होती आणि मी पेंट शॉपचा माणूस, म्हणजे मला विचारणार कोण! कारखान्यातला रंग १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो, थिनरला सहज दाद देत नाही, हे मला पाठ होतं. विसरलो ते एवढंच की त्या दाराला दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये टच-अप झालेला होता, साध्या हवेत वाळणाऱ्या लॅकरचा. फडकं फिरवलं आणि डागाबरोबर रंगही चिकट होऊन फडक्याला आला. खाली राखाडी प्रायमर. बायको बाल्कनीतून बघत होती. ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

तेव्हा गाडीचा कुठलाही भाग परत रंगवलेला असेल तर स्पिरिटसुद्धा आधी दाराच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा.

पुढच्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी बोनेटला मेण लावून ठेवा, आणि स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांगा. काचेत कुंकू मुरत नाही. हाराचं मात्र लक्षात ठेवा. झेंडूच्या हाराला तार किंवा जाड दोरा असतो, आणि हार बोनेटवर तसाच ठेवून लोक गाणगापूर करून येतात. वाऱ्याने तार आपटत राहते आणि रंगाला चरे पडतात. पूजा झाली, पेढे वाटले, गल्लीत एक चक्कर मारली की हार काढून दाराला लावा.

प्रश्न : गणपतीपुळ्याला मुलांच्या हट्टाने गाडी वाळूत नेली. आता गंजेल का? आणि पावसाळ्यात सीटवर बुरशी येते, त्याला काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी

मीठ स्वतः गंजत नाही, पण ओल धरून ठेवतं आणि पत्र्याचं काम तमाम करतं. त्याच दिवशी गाडीच्या पोटाखाली आणि चाकांच्या कमानीत साध्या पाण्याची नळी धरा, पाच-सात मिनिटं. इथे पाण्याची कंजुषी नको. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जावं म्हणून. वाळू आणि तुमची लाल माती त्यांत बसते, दारात पाणी साचतं आणि दार आतून सडायला लागतं. खराट्याच्या हिराने ती मोकळी करा. दरवाजा हलवून बघा, आत पाण्याचा खळखळाट आला तर भोकं बुजलेली आहेत.

बुरशीला व्हिनेगर-पाण्याने पुसा आणि उघडीप मिळाली की चारही दारं उघडी टाकून मॅट उन्हात काढा. ओली छत्री सीटखाली ठेवायची सवय मोडा. एसीला कुबट वास येत असेल तर घर यायच्या आधी चार-पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली जाळी कोरडी होते.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंगवाले म्हणतात ‘९एच’ कडकपणा आहे, ओरखडा पडणारच नाही. खरं का?
– एक वाचक, ठाणे

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवतात तो पारदर्शक लेप, आणि ‘९एच’ हा पेन्सिलीच्या चाचणीतला आकडा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ठरावीक दाबाने ओढायच्या आणि कुठली खूण करते ते बघायचं. ९एच पेन्सिलीने खूण उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिल म्हणजे वाळू नव्हे आणि तुमच्या शेजाऱ्याच्या मुलाची किल्लीही नव्हे. कोटिंगने पाणी टिकत नाही, घाण लवकर सुटते, धुणं सोपं जातं. तेवढ्यासाठी हौसेने करा. पण कोटिंगच्या आधी ते मशीन मारतात, तेव्हा समोर उभे राहा. खराब मशीन मारून त्यावर कोटिंग केलं की चरे चमकदार वेष्टनात जपले जातात.

प्रश्न : डॅशबोर्डला चकचकीत करणारा स्प्रे आईला आवडतो, मला नाही. काचेवर तेलकट पापुद्रा दिसतो.
– एक वाचक, नागपूर

आईंना सांगा, दुपारच्या उन्हात डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचा दुचाकीवाला दिसत नाही. बहुतेक स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं. आमच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉनची एवढी दहशत होती की डोक्याला तेल आणि अंगाला सुवासिक स्प्रे लावून यायला बंदी होती. हवेत एवढासा अंश असला तरी ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. एकदा एका नव्या मुलाने केस चपचपीत करून हजेरी लावली आणि सकाळची सात बोनेटं परत घासायला गेली. डॅशबोर्डला ओलसर फडकं आणि मऊ ब्रश पुरे. पुढेमागे गाडीचा पत्रा रंगवायला द्याल तेव्हा असा स्प्रे वापरत होतो हे पेंटरला आठवणीने सांगा, तो दुवा देईल.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. बाबांची गाडी दर रविवारी धुतली तर ते मला पन्नास रुपये देणार आहेत. कुठून सुरुवात करू? आणि काय करायचं नाही?
– एक विद्यार्थी, इस्लामपूर

शाब्बास. सुरुवात चाकांपासून. चाकांवर ब्रेकची काळी पूड असते, ती शेवटी धुतलीस तर तिचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडतील. चाकांचं फडकं वेगळं, बादली वेगळी. मग लातूरच्या काकांना सांगितलंय ते वाच आणि तसंच कर, टपापासून खाली. सकाळी आठच्या आत कर. ऊन आलं की शाम्पू रंगावरच सुकतो आणि डाग पडतात.

पक्ष्याची शिट दिसली तर नखाने खरवडू नकोस. ओल्या वर्तमानपत्राची घडी त्यावर दहा मिनिटं ठेव, मग उचल, आपोआप निघेल. बोनेट उघडून इंजिनवर पाणी मारायचं नाही, आत वायरींचे जोड असतात. पण बोनेट उघडलंच तर काचेच्या खालच्या खाचेत अडकलेला पाला हाताने काढ. तो कुजला की पाणी तुंबतं आणि कधीकधी थेट आत पायाशी येतं. हे काम बाबांनी गाडी घेतल्यापासून केलेलं नसेल, बघच.

सगळं पुसून झालं की बाबांना एक चक्कर मारायला सांग, हळू वेगात तीन-चार वेळा ब्रेक दाबून. ब्रेक ओले ठेवून हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी केली तर सकाळी चाक धरून बसू शकतं. डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नकोस, तो वरवरचा असतो, पहिल्या एक-दोन ब्रेकमध्ये निघून जातो.

आणि पन्नास रुपये कमी आहेत. चाकांचे वीस वेगळे माग.